झाकणाखालची साय

चातुर्मासात पुष्कळ घरांतील मोटारीचा प्रवास आपोआप आखडतो. दूरचा प्रवास टाळण्याचा नियम घेतलेला असतो. सकाळी मंदिर किंवा स्थानक, तेथून पेढी आणि सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी पुन्हा घर, एवढ्याच फेऱ्या उरतात. दोन-अडीच किलोमीटरहून लांब अशी एकही नसते. दिवाळीच्या तोंडावर गाडी सर्व्हिसिंगला जाते. गॅरेजमधील मिस्त्री इंजिनात ऑइल भरण्याचे झाकण काढतो, उलटे धरतो आणि आतल्या बाजूस जमलेला पिवळसर पांढरा थर दाखवतो. दुधावरच्या सायीसारखा. ‘ऑइलमध्ये पाणी उतरले आहे, हेड गॅस्केट गेले असणार, इंजिन उघडावे लागेल,’ असे तो सांगतो आणि मालकापुढे मोठ्या खर्चाचा आकडा उभा राहतो.

मिस्त्रीचे पहिले विधान बरोबर असते. तो थर म्हणजे पाणी व ऑइल घुसळून झालेले मिश्रणच होय. परंतु पाणी कोठून आले, हे झाकण सांगत नाही. एका नोंदीवरून पेढी बुडाल्याचा निष्कर्ष कोणी काढीत नाही. समोरची वही उघडून ताळमेळ घ्यावा लागतो. येथेही तसेच आहे.

इंजिनात पाणी रोजच तयार होते, ही गोष्ट अनेकांना नवलाची वाटते. पेट्रोलमधील हायड्रोजन हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो आणि एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात निर्माण होते. सीएनजीमध्ये हायड्रोजनचे प्रमाण अधिक. एक किलो वायू जळताना सुमारे सव्वादोन किलो पाणी तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे बाहेर पडते. थोडी मात्र पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून खाली ऑइलच्या कोठीत येते. इंजिन पुरेसे तापले, तर ही वाफ ऑइलमधून उडून वायुवीजनाच्या नळीने पुन्हा इंजिनात ओढली जाते व जळणाऱ्या वायूबरोबर निघून जाते. दोन किलोमीटरांत मात्र ऑइल तापतच नाही. काट्यावर दिसते ते कूलंटचे तापमान. ऑइल त्याच्या बरेच मागे असते. मग वाफ थंड जागा शोधते आणि बाहेरच्या हवेला लागून असलेले झाकण ही तशी जागा असते. गार पेल्याच्या बाहेर दव जमावे, तसे तेथे पाणी जमते. पावसाळ्यात व थंडीत हे अधिक दिसते, आणि छोट्या फेऱ्यांच्या सीएनजी गाड्यांत विशेष.

दुसरा उगम गंभीर आहे. हेड गॅस्केट फाटले, सिलिंडर हेडला तडा गेला किंवा ज्या गाड्यांत ऑइल कूलर असतो तो आतून गळू लागला, तर कूलंट थेट ऑइलमध्ये जाते. हा फरक ओळखण्यास आधी यंत्रे लागत नाहीत. सकाळी गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहावी. ऑइल नेहमीच्या तपकिरी रंगाचे, पातळी पूर्ववत, आणि साय केवळ झाकणाखाली असेल, तर दोष बहुधा छोट्या फेऱ्यांचा. डिपस्टिकवरच दुधाळ चहासारखा रंग दिसला किंवा पातळी चढलेली आढळली, तर प्रकरण निराळे. (पातळी चढली पण रंग दुधाळ नाही आणि पेट्रोलचा वास येतो, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत आहे, तेही छोट्या फेऱ्यांचेच फळ असू शकते.)

समोरची वही म्हणजे कूलंटची टाकी. तिच्यावर पातळीची खूण करून तारीख लिहावी आणि आठ-दहा दिवसांनी इंजिन थंड असताना पुन्हा पाहावी. पातळी हलली नाही, तर गॅस्केटवर संशय घेण्यास आधार राहत नाही. घटली, तरी नळी किंवा वॉटर पंप बाहेरून गळत नाही ना, हे आधी पाहावे. टाकीत सतत बुडबुडे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, ही लक्षणे सोबत असतील तर गाडी चालवू नये. पाण्याने ऑइलचा पापुद्रा तुटतो आणि बेअरिंग धातूवर धातू घासून जाते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

इंजिन उघडण्यास संमती देण्याआधी कूलंट प्रणालीची दाबचाचणी मागावी. टाकीतील हवेत जळलेला वायू आहे काय, हे रंग बदलणाऱ्या द्रवाने तपासता येते. ऑइलचा थेंब तापलेल्या लोखंडी पट्टीवर टाकून तडतड ऐकण्याची जुनी रीतही उपयोगी आहे; पण ती गॅरेजमध्येच व्हावी, स्वयंपाकघरातील तव्यावर नव्हे. प्रयोगशाळेत ऑइलमध्ये सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेले दिसले, तर ते बहुधा कूलंटमधून आलेले असते. जळणातून झालेल्या पाण्यात ही द्रव्ये नसतात. या चाचण्यांचा खर्च हेड उतरवण्याच्या तुलनेत अल्प असतो. त्यांना टाळाटाळ झाली, तर दुसऱ्या ठिकाणी दाखवणे हिताचे.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीस हा विचार लागू नाही. ती सुरू करूनच पाहू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. पॉलिसी आजच काढून पाहावी.

साय केवळ दवाची असेल, तर झाकण पुसून आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. दारात उभी ठेवून इंजिन चालू ठेवण्याचा उपाय फसवा आहे. ऑइल नीट तापत नाही आणि वाफ मात्र होत राहते. दूर न जाण्याचा नियम असेल, तर ऑइल लवकर बदलावे. वारंवार छोट्या फेऱ्यांसाठी कमी अंतराचे वेळापत्रक अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत दिलेले असते. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत जाऊ देऊ नये, गॅरेजकडेच द्यावे. कूलंट बदलले असेल तर ते परातीत उघडे ठेवू नये. ते चवीला गोड असते, कुत्री-मांजरे चाटतात, आणि त्यातील ग्लायकॉलचे थोडे प्रमाणही त्यांच्या प्राणावर बेतते.