मध घालायचा तर लिंबात

गेल्या उन्हाळ्यात ह्यांच्या रिपोर्टात शुगर जरा वर निघाली आणि मी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. सरबतं बंद करून चालणार नव्हतं. एप्रिलमध्ये भर दुपारी लोकलमधून उतरून डोंबिवलीच्या जिन्यावरून घामाघूम आलेल्या माणसाला चहा कसा विचारणार? म्हटलं, पन्ह्यात मध घालू.

पहिलाच घाट फसला. कल्याणच्या लक्ष्मी मार्केटातून आणलेल्या कैऱ्या उकडल्या, गर काढला, वेलची-मीठ घातलं, फ्रिजचं पाणी ओतलं आणि वरून मध सोडला. तो थेट बुडाशी जाऊन बसला. कितीही ढवळा, खाली चिकट गोळा आणि वर आंबट पाणी. सासूबाईंनी एक घोट घेऊन विचारलं, "गूळ संपलाय का गं घरातला?"

मध पाण्याहून जवळपास दीडपट जड, त्यात गारव्याने आणखी घट्ट होतो. आता मी वाटीत मध आणि तेवढंच कोमट पाणी घेऊन आधी पातळ पाक करते, मग तो सरबतात घालते. साखर वाटीभर लागत असेल तिथे मध पाऊण वाटी पुरतो. त्यातलं फ्रुक्टोज साखरेहून गोड लागतं.

दुसरा धडा बाटलीने दिला. मध वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून पाकही टिकेल असं समजून मी तो ओट्यावरच ठेवला. चौथ्या दिवशी झाकण फिरवलं तर फस्सकन फेस वर. मध टिकतो तो त्यात पाणी जेमतेम १७-२० टक्के असतं म्हणून. आपण पाणी घातलं की यीस्टला रान मोकळं. आता पाक फ्रिजमध्ये, तोही दोन दिवसांपुरताच.

चवीचं म्हणाल तर महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध किंचित कडसर असतो. लिंबू-आल्याच्या सरबतात तो झकास लागतो, कोकमात मात्र भांडतो. पाण्यात थेंब सोडून किंवा काडी पेटवून मधाची परीक्षा करणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँड तपासले, तेव्हा साखरेच्या पाकाची भेसळ पकडायला परदेशातल्या प्रयोगशाळेतली एनएमआर चाचणी लागली. तिथे आपली काडेपेटी काय करणार?

राहता राहिली शुगर. मोठा चमचाभर, म्हणजे २१ ग्रॅम मधात सुमारे १७ ग्रॅम साखरच असते. डॉक्टरांनी हे ऐकवलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. बॉट्युलिझमचा धोका असतो.

सध्या आमच्याकडे लिंबाच्या सरबतात मध, पन्ह्यात पुन्हा गूळ आणि ह्यांना जिरं घातलेलं पातळ ताक.