परंड्याहून दीपगृहांच्या वाटेवर

परंडा ते कोकण किनारा हा रस्ता पंढरपूर, कऱ्हाड, पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोहोचतो; लांबलचक कॅराव्हॅनची खरी परीक्षा या घाटातच. पावसाळा सरल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सोयीचे. राज्याने कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आणले. गुहागरकडून दक्षिणेला जाताना तवसाळ-जयगड खाडी फेरीबोटीतून गाडीसकट ओलांडता येते. पुढे जयगड, रत्नागिरीचा रत्नदुर्ग व देवगड येथे दीपगृहे आहेत. प्रत्येकाची उघडझाप निराळी, त्यावरूनच खलाशी ठिकाण ओळखतात. वर काचेच्या लोलकांची कडी रचलेली भिंगे असतात. त्यांवर दिवसा पडदे ओढतात, नाहीतर ऊन एकवटून आतला दिवाच पोळेल. फेरीबोटीत मोठी गाडी मावेल का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.