सफारीनंतरची रात्र : झाडीपट्टीचे रंगमंच

दारव्हा किंवा यवतमाळकडून ताडोबाच्या जंगलात जाणाऱ्या प्रौढ पर्यटकाचा दिवस सफारीत सरतो, पण रात्री करावे काय, या प्रश्नाचे विदर्भातील सर्वांत समृद्ध उत्तर झाडीपट्टी रंगभूमी हेच आहे. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलाचा व धानशेतीचा टापू. धानाची कापणी होऊन हाती पैसा आला की, दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत येथील गावोगावी मंडई, म्हणजे जत्रेसारखा गावमेळा, भरते. रात्री तिकीट लावून नाटक सुरू होते, ते उजाडेपर्यंत चालते आणि प्रवेशांच्या अधूनमधून लावणीही रंगते. या नाटकाची मुळे दंडार या नृत्य-संवादमिश्रित लोकनाट्यात सापडतात. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मुख्य केंद्र असल्याने प्रयोगांची चौकशी तेथे करणे सोयीचे ठरते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली; हा सन्मान फार आधी व्हायला हवा होता.

याच गावांत दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरत असे. 2014 च्या न्यायालयीन बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये तिला सशर्त परवानगी मिळाली. रात्रीचे नाट्यप्रयोग बहुधा उघड्या मंडपात होत असल्याने जाड घोंगडी सोबत असावी.