सशाचा डोळा आणि संगणकाचा अंदाज

१९४४ साली अमेरिकेत जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी मांडली. सशाच्या डोळ्यात रसायन घालायचं आणि डोळा किती लाल होतो, किती सुजतो, ते पाहून गुण द्यायचे. पुढे कित्येक दशकं हेच चाललं.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या थॉमस हार्टुंग यांच्या गटानं युरोपातल्या रसायन-नोंदणीची माहिती चाळली, तर दोन रसायनं या चाचणीतून नव्वदहून अधिक वेळा गेलेली निघाली. मग त्याच साठ्यावर त्यांनी संगणकाला शिकवलं: रेणूंची रचना मिळतीजुळती, तर घातक गुणही बहुधा मिळतेजुळते. २०१८मध्ये निकाल आला. डोळ्यांची, त्वचेची जळजळ वगैरे नऊ चाचण्यांत संगणकाचे अंदाज सरासरी ८७ टक्के बरोबर. प्राण्यांवर तीच चाचणी पुन्हा केली तर निकाल जुळतो ८१ टक्के वेळा. मला हा दुसरा आकडाच जास्त बोलका वाटतो.

अर्थात कर्करोग, गर्भावरचे परिणाम असली दीर्घकाळाची गुंतागुंत संगणकाला अजून जड जाते. सौंदर्यप्रसाधनांसाठी मात्र भारतानं २०१४मध्येच प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्यात.