अंगणातील निवडणूक-पाटी : कामाची किती, डोकेदुखी किती?

अमेरिकेत निवडणूक आली की घरापुढच्या हिरवळीवर उमेदवारांच्या नावाच्या पाट्या दिसू लागतात. साधारण १८ बाय २४ इंचाचा नालीदार प्लास्टिकचा तुकडा, त्यावर एक-दोन रंगांची स्क्रीन छपाई आणि जमिनीत खुपसलेली तारेची चौकट. छपाईच्या पेशातील आपल्या बांधवांना या धंद्याचा हिशेब उपयोगी पडेल.

पाटीने मते मिळतात का? कोलंबिया विद्यापीठाचे डोनाल्ड ग्रीन व सहकाऱ्यांनी चार निवडणुकांत प्रयोग केले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही भाग निवडून तेथे पाट्या लावल्या, बाकीचे भाग मोकळे ठेवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे सरासरी फरक सुमारे १.७ टक्क्यांचा पडला. सपाटून मार खाणारा उमेदवार एवढ्याने तरत नाही. अटीतटीच्या लढतीत मात्र हेच पुष्कळ झाले.

तोटेही आहेत. पाट्या रातोरात चोरीस जातात, सरकारी रस्त्याकडेला लावलेल्या नगरपालिका उचलून नेते, शेजाऱ्यांत तेढ येते. दुकानदाराची अडचण सर्वांत मोठी. त्याचे गिऱ्हाईक दोन्ही पक्षांचे. एकाची पाटी लावली की दुसरा समोरच्या दुकानात जातो! घरमालकाचा हक्क मात्र पक्का आहे. मिझुरी राज्यातील लाडू या गावी मार्गारेट गिलिओ यांनी १९९० साली आखाती युद्धाविरुद्ध पाटी लावली. गावाच्या नियमात ती बसत नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९४ साली एकमताने बाईंच्या बाजूने निकाल लागला.

आता छापणाऱ्याचे. मतदान उरकले की प्रचार कार्यालयाला कुलूप लागते. हरलेल्या उमेदवाराकडून उधारी कशी वसूल होणार? म्हणून रक्कम छपाईआधीच हाती घ्यावी, हे तेथल्याइतकेच येथेही खरे.

आपल्याकडे कायद्याची बाजूही सांभाळावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर व पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावे-पत्ते छापणे सक्तीचे आहे. प्रकाशकाकडून दोन ओळखीच्या साक्षीदारांच्या सह्यांसह जाहीरनामा दोन प्रतींत घ्यावा. छपाईनंतर त्याची एक प्रत व छापील कागद जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवावा. राज्याच्या राजधानीत छपाई झाली असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. चुकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हाताने नक्कल केलेला मजकूर या कलमात छपाई ठरत नाही. पेंटर मंडळींनी भिंत रंगवण्याआधी मालकाची लेखी परवानगी तेवढी पाहून घ्यावी.