सिंगापुरांतील तीन दिवस

प्रवासास निघणारा गृहस्थ तिकिटें काढतो, सामान बांधतो आणि पाहावयाच्या स्थळांची यादी करतो. परंतु यादी म्हणजे बेत नव्हे. काय पाहावयाचें हें यादी सांगते. काय सोडावयाचें हें बेतांत ठरवावें लागतें. सिंगापुरास तीनच दिवस राहावयाचें असेल आणि बरोबर वृद्ध आई व लहान मुलें असतील, तर हा भेद न ओळखल्याचा दंड पहिल्याच दुपारीं भरावा लागतो.

हें बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस दीडशें किलोमीटरांच्याहि आंत आहे. तेथें ऋतु असे जवळजवळ नाहींतच. बाराहि महिने दिवसाचें उष्णतामान ३१-३२ अंशांपर्यंत चढतें व रात्रीं २४-२५ पर्यंत उतरतें. मुंबईकरास या आंकड्यांत भिण्यासारखें कांहीं दिसणार नाहीं. परंतु हवा दमट असल्यामुळें घाम वाळत नाहीं, आणि घाम वाळला नाहीं म्हणजे अंग निवत नाहीं. पाऊस कोणत्याहि महिन्यांत येतो. वर्षाअखेरीस तो अधिक असतो. एरवीं बहुधा दुपारीं गडगडाटासह कोसळतो आणि तासा-दोन तासांत थांबतो. म्हणून कोणत्या महिन्यांत जावें, यापेक्षां दिवसाच्या कोणत्या वेळीं बाहेर असावें, हा प्रश्न तेथें महत्त्वाचा ठरतो.

त्याचें उत्तर घड्याळांत आहे. सिंगापूरचें घड्याळ भारताच्या अडीच तास पुढें, म्हणजे बेटाच्या रेखांशास साजेल त्याहून सुमारें एक तास पुढें ठेवलेलें आहे. त्यामुळें वर्षभर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, एकच्या सुमारास माथ्यावर येतो आणि सातच्या सुमारास मावळतो. सकाळीं सात ते साडेदहा उघड्यावर, बारा ते चार छपराखालीं आणि पांचनंतर पुन्हां बाहेर, अशी दिवसाची वांटणी केली कीं निम्मा बेत झाला.

पहिल्या सकाळीं बोटॅनिक गार्डनमध्यें जावें. १८५९ सालीं स्थापन झालेल्या या उद्यानास २०१५ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. रबराचीं रोपें १८७७ सालीं इंग्लंडांतील क्यू उद्यानाकडून येथें आलीं. पुढें १८८८ सालीं संचालक म्हणून आलेल्या हेन्री रिडले यांनीं झाडास इजा न करतां सालीला चीर देऊन चीक काढण्याची रीत येथें बसविली, आणि मलायांतील रबराचे मळे त्या रीतीवर वाढले. दुपार एखाद्या संग्रहालयांत काढावी. संध्याकाळीं समुद्रकांठचें, २०१२ सालीं खुलें झालेलें, गार्डन्स बाय द बे पाहावें. वेलींनीं मढविलेले तेथील पोलादी वृक्ष दिवे लागल्यावरच शोभतात.

दुसरा दिवस जुन्या वस्त्यांचा. साउथ ब्रिज रस्त्यावर, चिनी वस्तीच्या ऐन मध्यभागीं, १८२७ साली स्थापिलेलें मारिअम्मन देवालय आहे आणि त्याच रस्त्यावर जामे मशीदहि आहे. सेरंगून रस्त्यावरील हिंदी वस्तींत फुलांच्या माळा व फिल्टर कॉफीचा वास ओळखीचा वाटतो. दुपारीं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलमध्यें थोडा वेळ बसावें. ही शुभ्र इमारत हिंदुस्थानांतून शिक्षा भोगावयास पाठविलेल्या कैद्यांच्या श्रमांनीं उभी राहिली. जवळच पाडांग मैदान आहे. तेथें ५ जुलै १९४३ रोजीं सुभाषचंद्र बोस यांनीं आझाद हिंद फौजेची पाहणी केली, आणि त्याच वर्षीं २१ ऑक्टोबरला याच शहरीं स्वतंत्र हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. मुलांस हें मैदान दाखविल्यावांचून परतूं नये.

तिसऱ्या दिवसाची सकाळ मोकळी ठेवावी. पावसानें बुडविलेलें किंवा थकव्यामुळें राहिलेलें जें असेल, त्यासाठीं ती उपयोगी पडते. प्राणिसंग्रहालय शहरापासून दूर, उत्तरेस आहे; त्यास अर्धा दिवस देतां येत असेल तरच तें यादींत ठेवावें.

जेवणासाठीं हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखालीं मांडलेले अनेक खाद्यगाळे, हें उत्तम. या खाद्यपरंपरेची नोंद युनेस्कोनें २०२० सालीं घेतली. शाकाहारी माणसानें मात्र विचारून घ्यावें. भाजीच्या पदार्थांतहि वाटलेल्या सुक्या कोळंबीचा मसाला असूं शकतो. जेवणानंतर आपलें ताट आपणच उचलून ठेवावयाचें असतें. २०२१ पासून त्यास कायद्याचें बळ आहे.

निघण्यापूर्वीं भारतीय नागरिकांनीं व्हिसा घ्यावा व पोहोंचण्याच्या आधींच्या तीन दिवसांत आगमनपत्र भरावें. त्यास शुल्क नाहीं. झोपेच्या कांहीं गोळ्या व कांहीं तीव्र वेदनाशामक औषधें नेण्यास आगाऊ परवानगी लागते. वृद्धांचीं औषधें याच दृष्टीनें आधीं तपासावीं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी. गुटखा व खाण्याची तंबाखू तर नेऊंच नये. तेथें ती बाळगणें हाहि गुन्हा आहे.

एवढें केलें तरी चार स्थळें राहूनच जातील. त्याची खंत मानूं नये. तीन दिवसांत दहा स्थळें पाहून अंथरुणास खिळलेल्या आईपेक्षां, पांच स्थळें पाहून घरीं शेजारणींना त्यांची हकीकत हौसेनें सांगणारी आई, हेंच त्या प्रवासाचें खरें फळ होय.