मॉरिशसची एक दिवसाची फेरी

मे महिन्यातली सकाळ आहे आणि तुम्ही मॉरिशसच्या पोर्ट लुई शहरात सहलीच्या बसमध्ये बसला आहात, असे समजा. घड्याळ दीड तास मागे लावा. एक गरम कपडाही जवळ असू द्या. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस २० अंशांवर आहे, त्यामुळे आपल्याकडे उन्हाळा तापत असताना इथे हिवाळ्याची चाहूल लागते.

बस लगेच चढणीला लागते. दोन्ही बाजूंना उसाचे मळे, आणि मळ्यांत मधूनमधून काळ्या दगडांचे मोठे ढीग. शेते साफ करताना वेचून रचलेले हे दगड नीट पाहा. ओळखीचे वाटतात ना? हा बेसाल्ट. आपला सह्याद्री ज्याचा बनला आहे, तोच काळा खडक.

हा योगायोग नाही. पहिला थांबा येतो क्यूरपीप गावातल्या 'त्रू ओ सेर्फ' या ज्वालामुखीच्या मुखाशी. सुमारे ३५० मीटर रुंद आणि ८० मीटर खोल अशी ही प्रचंड वाटी आता झाडीने भरली आहे. तिच्या काठावर उभे राहून घरातले शिवणयंत्र आठवा. सुई जागच्या जागी खालीवर होते, कापड पुढे सरकते आणि टाक्यांची ओळ उमटते. पृथ्वीच्या पोटात अशी काही तप्त स्थाने आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट अशाच एका स्थानावरून उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा उसळलेल्या लाव्ह्याच्या थरांतून दख्खनचे पठार घडले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत पुढे गेला. मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी टाक्यांची ओळ पडत राहिली. नंतर हे स्थान आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आले, आणि सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले. आज सुई शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून वरचेवर जागा होतो.

गंगा तलावही ज्वालामुखीच्याच मुखात साठलेला आहे. तिथे दर्शन घेऊन बस दक्षिण किनाऱ्यावर ग्री-ग्रीला उतरते. दुपारी बाराच्या सुमारास समुद्राकडे, म्हणजे दक्षिणेला, तोंड करून उभे राहा. सूर्य पाठीमागे आणि सावली पुढे! आपल्याकडे जानेवारीत असे उभे राहिलात तर ऊन डोळ्यांवर येते.

इथे लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात, कारण बेटाला जवळजवळ सगळीकडून वेढणारी प्रवाळभित्ती नेमकी इथे खंडित झाली आहे. इतरत्र लाटा दूरवरच फुटतात आणि किनाऱ्याशी पाणी तळ्यासारखे निवांत असते. सूक्ष्म जीवांनी बांधलेला हा बांध किती मोलाचा आहे, ते इथे उभे राहिल्यावरच कळते. २५ जुलै २०२० रोजी आग्नेय किनाऱ्यावर 'वाकाशिओ' हे जहाज या भित्तीवर चढले. पुढच्या महिन्यात त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा बेटावरच्या लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून लांबच लांब तरंगते अडसर शिवले आणि तेल अडवायला धाव घेतली.

दुपारनंतर शामारेलची सात रंगांची माती. जागा लहान आहे बरे का! छायाचित्रे पाहून मोठ्या डोंगराच्या आशेने गेलात तर हिरमोड होईल. पण लाल, तपकिरी, जांभळट, पिवळ्या उघड्या टेकड्यांकडे कुंपणाबाहेरून जरा वेळ पाहत राहा. उष्ण आणि दमट हवेत बेसाल्ट कुजतो, पावसाबरोबर त्यातील सिलिका विरघळून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. रंग त्यांचेच. कोकणातला जांभा दगडही याच रीतीने तयार झाला आहे.

समुद्रात शिरलेला ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न डोंगर पाहून बस पश्चिम किनाऱ्याने परत फिरते. एके काळी पळून गेलेले गुलाम या डोंगरावर आसरा घेत. वाटेत कास्कावेल गावाची पाटी दिसली, तर वाटाड्याला थोडा वेळ थांबायला सांगा. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला कोकणातून आलेल्या मजुरांचे वंशज इथे आहेत. गणेशचतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि गणपती विसर्जनाला निघतो तो याच काळ्या दगडांच्या ढिगांमधून.